इंग्लंडचे स्टुअर्ट राजे आणि त्यांचे दरबार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजांच्या नावलौकिकाबद्दल (आणि त्याहून जास्त, बदनामीबद्दल) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तारखा तेव्हाच्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे आहेत, वर्ष मात्र १ जानेवारीपासून धरलं आहे. असं का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१. या शतकात इंग्लंडच्या गादीवर कोण कोण बसलं?

सुरुवातीला पहिली एलिझाबेथ. ती मार्च १६०३ मध्ये वारली आणि स्टुअर्ट घराण्यातला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. माणूस एक, राज्यं दोन, म्हणून क्रमांकही दोन. १६२५ मध्ये त्याचा मुलगा पहिला चार्ल्स गादीवर आला. पार्लमेंटशी झालेल्या यादवी युद्धात तो हरला आणि ३० जानेवारी १६४९ ला त्याचा शिरच्छेद झाला. पुढची अकरा वर्षं राजाच नव्हता. त्यातली १६५३ ते १६५८ ही वर्षं पार्लमेंटचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या सत्तेची. मे १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परत आला आणि १६८५ पर्यंत टिकला. त्याचा भाऊ दुसरा जेम्स याला चार वर्षंही मिळाली नाहीत. १६८९ पासून जेम्सची मुलगी मेरी आणि तिचा डच नवरा तिसरा विल्यम यांनी जोडीनं राज्य केलं. मेरी १६९४ मध्ये गेली, विल्यम १७०२ मध्ये.

२. एखाद्या राजाबद्दलचा किस्सा खरा की रचलेला, हे कसं ओळखायचं?

शिवकाळाबद्दल वाचणाऱ्याला ही पद्धत नवी नाही. अस्सल कागद वेगळा, सभासदाची बखर वेगळी आणि शंभरेक वर्षांनी लिहिलेली चिटणिसांची बखर आणखी वेगळी. इथेही तेच करायचं. आधी पाहायचं, मजकूर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला. मग, तो छापला कधी आणि तेव्हा सत्ता कोणाची होती. मग, लिहिणाऱ्याचं राजानं काय बिघडवलं होतं किंवा काय भलं केलं होतं. शेवटी उलटी बाजू शोधायची, म्हणजे शत्रूनं केलेली स्तुती आणि मित्रानं दिलेली कबुली. या दोन्हींचं वजन सगळ्यात जास्त.

यातली छापण्याची तारीख लोक हमखास विसरतात. वेल्डनचं (प्रश्न ४) पहिल्या जेम्सवरचं पुस्तक आलं १६५० मध्ये, म्हणजे जेम्स जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. दुसऱ्या चार्ल्सचा मंत्री क्लॅरेंडन याचा यादवी युद्धाचा इतिहास १७०२ ते १७०४ मध्ये छापला गेला, बिशप बर्नेटच्या इतिहासाचा पहिला खंड १७२४ मध्ये, एव्हलिनची डायरी १८१८ मध्ये, पेपीसची १८२५ मध्ये (दोघांबद्दल प्रश्न ११). दुसऱ्या चार्ल्सचं आज जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते बरंचसं या दोन डायऱ्यांवर उभं आहे, आणि त्या त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ वाचकांसमोर नव्हत्याच.

३. पहिल्या जेम्सला ‘ख्रिस्ती जगातला सर्वांत शहाणा मूर्ख’ कोणी म्हटलं?

बहुतेक ठिकाणी फ्रान्सचा राजा चौथा हेन्री किंवा त्याचा मंत्री स्युली यांचं नाव दिसतं. पण त्यांच्या हातचा तसा कागद नाही. वेल्डननं हे वाक्य दिलं आहे ते ‘एक फार शहाणा माणूस म्हणत असे’ अशा मोघम शब्दांत. नाव नंतर चिकटलं. वाक्य मात्र चपखल आहे, म्हणूनच टिकलं. हा राजा चेटकिणींवर आणि तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तकं लिहीत होता, त्याच्या आश्रयानं झालेला बायबलचा १६११ चा अनुवाद आजही वाचला जातो, आणि त्याच वेळी पैसा हातात ठरत नव्हता.

४. जेम्स हात धूत नसे, त्याची जीभ तोंडात मावत नसे, तो जाड अस्तराचे कपडे घाली. यातलं खरं किती?

हे सगळं एका माणसाकडून आलं आहे, अँथनी वेल्डन. तो राजवाड्याच्या खानपानाचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीत होता. १६१७ च्या स्कॉटलंड दौऱ्यानंतर स्कॉट लोकांची नालस्ती करणारा लेख त्याच्या नावावर सापडला आणि नोकरी गेली, असं परंपरेनं सांगतात. यादवी युद्धात तो केंट परगण्यात पार्लमेंटच्या बाजूचा मोठा माणूस होता. १६४८ मध्ये वारला. पुस्तक छापलं गेलं ते पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवून वर्ष झाल्यावर, जेव्हा नव्या प्रजासत्ताकाला ‘हे घराणंच असं’ हे सांगणारं काहीतरी हवंच होतं. प्रश्न २ मधली पहिली तिन्ही पावलं इथे धोक्याचा लाल दिवा दाखवतात.

तरी सगळं फेकून देऊ नका. पाय अशक्त असल्याचं राजाचा डॉक्टर मेयर्न यानंही टिपून ठेवलं आहे. हातांबद्दल मूळ मजकूर असा की तो हात धूत नसे, फक्त ओल्या रुमालाच्या टोकानं बोटांची अग्रं पुसत असे. दुसरा अर्धा भाग गाळून किस्सा फिरतो. जाड कपड्यांना वेल्डन भित्रेपणा म्हणतो, पण त्याआधी त्या माणसाचं आयुष्य पाहा. बाप राहत होता ते घर १५६७ मध्ये दारूगोळ्यानं उडवलं आणि बापाचा खून झाला, आईचा १५८७ मध्ये शिरच्छेद, आणि ५ नोव्हेंबर १६०५ ला पार्लमेंटच्या खाली त्याच्यासाठी दारूगोळ्याची पिंपं रचलेली सापडली. अस्तर जाड असणारच.

५. जेम्सचा दरबार एवढा बदनाम का झाला?

आधी पैसा, मग दारू, मग खून.

एलिझाबेथ पदव्या देताना हात आखडता घेई. जेम्सनं पहिल्याच वर्षात नऊशेच्या वर ‘सर’ केले. १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ ही नवी वंशपरंपरागत पदवी काढली, किंमत १,०९५ पौंड. हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात ३० शिपाई, ३ वर्षं, रोज माणशी ८ पेन्स. एका पौंडात २४० पेन्स धरून गुणाकार करा, बरोबर १,०९५ येतात. आधी पदव्या दोनशेच देऊ असं ठरलं होतं. पुढे भाव घसरला, आणि पदवीबरोबर ती देणाऱ्याची पतही.

दारूचं प्रसिद्ध वर्णन १६०६ मधलं, डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन पाहुणा आला तेव्हाचं. थिओबाल्ड्स वाड्यात सॉलोमन आणि शीबाच्या राणीचं सोंग उभं राहिलं. राणी पायरीला अडखळली, हातातलं पक्वान्न पाहुण्या राजाच्या मांडीवर सांडलं, मग राजाच नाचायला उठून कोसळला. हे जॉन हॅरिंग्टनच्या पत्रात आहे. पत्र त्याच काळातलं, ही जमेची बाजू. लिहिणारा पक्का विनोदी लेखक, ही वजावट.

खून टॉमस ओव्हरबरीचा. राजाच्या मर्जीतल्या रॉबर्ट कारचा हा मित्र. कारनं फ्रान्सेस हॉवर्डशी लग्न करू नये म्हणून आडवा आला, परदेशी वकिलातीवर जायला नकार दिला म्हणून टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबला गेला आणि सप्टेंबर १६१३ मध्ये तिथेच मेला. विषप्रयोग होता हे दोन वर्षांनी बाहेर आलं. हाताखालचे चौघे फाशी गेले. कार आणि फ्रान्सेस दोषी ठरूनही वाचले. विषापेक्षा या माफीनंच लोकांचं मन जास्त विटलं.

६. जेम्सचे मर्जीतल्या पुरुषांशी शरीरसंबंध होते का?

पत्रं अस्सल आहेत. जॉर्ज व्हिलियर्सला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमला, जेम्स ‘माझं गोड लेकरू आणि बायको’ असं लिहितो आणि स्वतःला त्याचा बाप आणि नवरा म्हणवतो. प्रेम होतं, तेही उघड, यात वाद नाही. शेजघरात काय होतं ते कागदावरून ठरत नाही, आणि ठरवून फारसं काही हाती लागतही नाही. त्या काळच्या दरबाऱ्याला खुपत होतं ते वेगळंच. राजापर्यंत जाणारा प्रत्येक अर्ज, प्रत्येक नेमणूक एका तरुणाच्या दारातून जाऊ लागली. बकिंगहॅमला ऑगस्ट १६२८ मध्ये पोर्ट्समथला जॉन फेल्टननं भोसकलं तेव्हा लोक खुनी माणसाच्या नावानं प्याले, ते याच रागापोटी.

७. पहिला चार्ल्स हुतात्मा होता की जुलमी?

दोन्ही प्रतिमा छापखान्यानं घडवल्या आहेत, आणि दोन्ही मुख्यतः राजाच्याच शब्दांतून.

जुलमी आणि दगाबाज ही प्रतिमा जून १६४५ मध्ये पक्की झाली. नेझबीच्या लढाईत त्याची खाजगी पत्रांची पेटी पार्लमेंटच्या हाती पडली. महिन्याभरात निवडक पत्रं छापून बाजारात आली. जाहीरपणे प्रोटेस्टंट धर्माचा कैवार घेणारा राजा राणीला लिहिताना कॅथलिकांना सवलती देऊ करत होता आणि आयर्लंडमधून व परदेशातून फौजा मागत होता. त्याआधीची १६२९ ते १६४० ही पार्लमेंटशिवायची अकरा वर्षं आणि किनारपट्टीपुरता असलेला जहाजपट्टीचा कर सगळ्या देशावर लादणं, हे खटल्याला पुरेसं होतंच. त्या करावरच्या हॅम्पडन खटल्यात बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूनं गेले, पाच विरुद्ध. जिंकूनही हरल्यासारखंच ते.

हुतात्म्याची प्रतिमा त्याच्या मृत्यूबरोबरच बाजारात आली. ‘आयकॉन बॅसिलिकी’ हे राजाचं म्हणून छापलेलं आत्मचिंतन. मुखपृष्ठामागे गुडघे टेकून काटेरी मुकुट उचलणारा चार्ल्स. १६४९ या एका वर्षात लंडनमध्येच पस्तीसच्या आसपास आवृत्त्या निघाल्या. ऑक्टोबरमध्ये मिल्टननं सरकारच्या वतीनं त्याला खोडून काढणारं पुस्तक लिहिलं, पण खप मूळ पुस्तकाचाच. राजसत्ता परतल्यावर जॉन गॉडन नावाच्या धर्मगुरूनं ‘ते मीच लिहिलं’ म्हणून बक्षिशी मागितली, आणि बिशपपद मिळवलं. राजाची टिपणं आणि गॉडनचा हात, असं आज साधारण मानतात. १६६२ पासून ३० जानेवारीला चर्चमध्ये उपासाची खास प्रार्थना असे. ती १८५९ मध्ये बंद झाली.

८. त्याचा दरबार तरी बापापेक्षा बरा होता का?

वागणुकीत नक्कीच. याची उत्तम साक्ष शत्रूची आहे. राजाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्या कर्नल हचिन्सनची बायको लूसी हचिन्सन लिहिते की चार्ल्स संयमी, शुद्ध आचरणाचा आणि गंभीर होता आणि जुन्या दरबारातले विदूषक, कुंटिणी वगैरे मंडळी हळूहळू मागे पडली. प्रश्न २ मधलं चौथं पाऊल ते हेच.

खर्च मात्र कमी झाला नाही, रुची बदलली. मांटुआच्या गोंझागा घराण्याचा चित्रसंग्रह त्यानं विकत घेतला, व्हॅन डाइकला दरबारी चित्रकार केलं, लंडनच्या राजवाड्यातल्या बँक्वेटिंग हाउसच्या छतावर रूबेन्सकडून बापाचा स्वर्गारोहण-सोहळा रंगवून घेतला. मरायला जाताना तो त्याच छताखालून गेला. हा योगायोग कोणाच्याही डोक्यात येतोच, पण खरा आहे.

९. दुसऱ्या चार्ल्सला ‘मेरी मोनार्क’ म्हणतात ते कौतुकानं का?

आता कौतुकानं. मुळात ती शिवी होती. रॉचेस्टर या दरबारी कवीच्या एका अश्लील उपहासकवितेत हा शब्द येतो, आणि ओळीचा पूर्ण अर्थ ‘मौजी राजा, बदनाम आणि कफल्लक’ असा आहे. पुढचे दोन शब्द गळाले आणि राजा लाडका झाला. ‘मूर्खासारखं कधी बोलला नाही, शहाण्यासारखं कधी वागला नाही’ ही ओळसुद्धा त्याच रॉचेस्टरच्या नावावरची. त्यावर राजाचं उत्तर असं सांगतात की बोलणं माझं असतं, वागणं माझ्या मंत्र्यांचं.

या मौजेमागचा थंड डोक्याचा माणूस बराच उशिरा दिसला. १६७० मध्ये त्यानं चौदाव्या लुईशी डोव्हरला गुप्त तह केला. फ्रेंच पैशाच्या बदल्यात हॉलंडविरुद्ध युद्ध, आणि आपण कॅथलिक होऊ असं वचन. संपूर्ण मसुदा छापून आला तो १८३० मध्ये. प्रत्यक्षात धर्म बदलला मरणाच्या आदल्या रात्री, ५ फेब्रुवारी १६८५ ला. पैसे आधी, धर्म अगदी शेवटी!

१०. त्याला अनौरस मुलं नेमकी किती? कुठे बारा, कुठे चौदा, कुठे जास्त लिहिलेलं असतं.

आकडा बदलतो कारण मोजणी वेगळी. राजानं स्वतः मान्य केलेली मुलं डझनभर तरी आहेत. आईनं राजाची म्हणून सांगितलेली आणि राजानं कानाडोळा केलेली धरली की संख्या वाढते. लग्नाच्या बायकोपासून, पोर्तुगालच्या कॅथरीनपासून, एकही जगलं नाही. तरी तिला सोडायला त्यानं ठाम नकार दिला, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

मुलांना त्यानं पदव्या दिल्या आणि त्या पदव्या अजून चालू आहेत. ग्राफ्टन, रिचमंड, सेंट ऑल्बन्स आणि बक्लू ही आजची ड्यूकपदं त्याच्या वंशात आहेत. सेंट ऑल्बन्सची आई नेल ग्विन ही रंगभूमीवरची नटी. आपल्याकडे पेशवाईत ‘नाटकशाळा’ हा शब्द ज्या अर्थानं वापरत, तो तिथे शब्दशः लागू पडला.

११. पेपीस आणि एव्हलिन यांच्या डायऱ्यांवर किती विसंबावं?

पेपीसवर बराच, पण १६६० ते १६६९ एवढ्यापुरता. डोळे जातील या भीतीनं त्यानं लिहिणं थांबवलं. लघुलिपीत लिहिलेलं, कोणाला दाखवायचं नव्हतं, तो नौदलाच्या कचेरीत असल्यानं दरबार जवळून दिसे. १८२५ च्या आवृत्तीत शृंगारिक भाग गाळले होते, संपूर्ण मजकूर १९७० नंतर आला. तेव्हा जुनी आवृत्ती हाती असेल तर ‘पेपीस याबद्दल गप्प आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

एव्हलिन जपून. त्यानं जुन्या नोंदी नंतर स्वतःच पुन्हा लिहिल्या. दुसऱ्या चार्ल्सच्या शेवटच्या रविवारचं त्याचं वर्णन (तीन प्रेयसी, प्रेमगीतं गाणारा फ्रेंच मुलगा, जुगाराच्या मेजावर किमान दोन हजारांचं सोनं, ‘सहा दिवसांनी सगळं धुळीत’) अप्रतिम आहे. कीर्तनकारानं रंगवावं इतकं नेटकं आहे, आणि म्हणूनच जरा थांबून वाचावं.

१२. मुंबई दुसऱ्या चार्ल्सनं खरंच वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली? मग तो उधळ्याच ना?

दहा पौंडांचा आकडा खरा आहे. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पण त्याआधीचं पाहा. १६६१ च्या विवाहतहात बेट आंदण मिळालं, आणि १६६२ मध्ये अब्राहम शिपमन फौज घेऊन आला तर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा दिला नाही. ठाणे-साष्टी धरायची की नाही यावरूनही तंटा. शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले, बरेचसे तापानं मेले, शिपमनही गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकनं ताबा घेतला तो फक्त मुंबई बेटाचा. खर्च राजाचा, उत्पन्न तुटपुंजं. तेव्हाच्या हिशेबानं ती सुटका होती. नंतरच्या मुंबईवरून त्या दरबाराला उधळ्या ठरवणं म्हणजे आजच्या भावानं जुनी जमीन मोजणं.

राजाचं नाव मुंबईत मात्र चाललं. डिसेंबर १६८३ मध्ये रिचर्ड केग्विननं कंपनीविरुद्ध बंड करून किल्ला घेतला तो राजाच्या नावानं, आणि पुढच्या वर्षी सोडला तोही राजाची माफी मिळाल्यावर. मधल्या काळात त्यानं संभाजी महाराजांशी करारही केला.

१३. दुसरा जेम्स भित्रा आणि तिसरा विल्यम तारणहार, हे बरोबर का?

हे जिंकणाऱ्यांचं चित्र आहे, आणि त्याला शेवटचा हात फिरवला १८४८ पासून छापल्या गेलेल्या मेकॉलेच्या इतिहासानं. इंग्रजी शिक्षणाच्या टिपणामुळे आपल्याला ठाऊक असलेला मेकॉले तो हाच.

ड्यूक ऑफ यॉर्क असताना जेम्स १६६५ ला लोस्टॉफ्टच्या आरमारी लढाईत स्वतः होता, शेजारचे सरदार तोफगोळ्यानं उडाले तरी हलला नाही. १६८८ च्या नोव्हेंबरात विल्यम फौज घेऊन इंग्लंडमध्ये उतरल्यावर सॉल्सबरीला मात्र नाकातून रक्त थांबेना, सेनापती फितूर झाले आणि तो परतला. डिसेंबरात पळताना राजमुद्रा थेम्समध्ये टाकली, कोळ्यांनी पकडला, लंडनला परत आणला तर लोकांनी जयजयकार केला! दुसऱ्यांदा विल्यमनंच निसटू दिला.

जेम्स कॅथलिक होता. त्याच्या मुलाबद्दलची अफवा साफ खोटी. १० जून १६८८ ला जन्मलेला राजपुत्र बिछाना गरम करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून आत आणला, असं लोक म्हणत. खोलीत कित्येक जण हजर होते, ऑक्टोबरात चाळीसच्या आसपास साक्षी नोंदवून छापल्या, तरी फरक पडला नाही. कारण हजर असलेल्यांत कॅथलिकांचा भरणा होता आणि धाकटी मुलगी ॲन नेमकी बाथला होती. १६८५ च्या बंडानंतर शेकडो लोक फासावर चढवणारा न्यायाधीश जेफ्रीज मात्र खराच, ती बदनामी जेम्सनं कमावलेली आहे.

विल्यमच्या खात्यावर स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोची कत्तल आहे, १३ फेब्रुवारी १६९२, अडतीसच्या आसपास माणसं. हुकमावर वर आणि खाली दोन्हीकडे त्याची सही आहे. न वाचता केली, हा बचाव बर्नेटचा, आणि बर्नेट त्याचाच बिशप. घोडा एका बिळाला अडखळून विल्यम पडला आणि त्यातून मेला, तेव्हा जेम्सचे पक्षपाती ते बीळ खणणाऱ्या चिचुंदरीसारख्या प्राण्याच्या नावानं पेले उंचावत.

१४. एकाच घटनेच्या तारखा आणि वर्षं पुस्तकागणिक वेगळी का दिसतात?

इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगावर होतं, युरोपच्या बऱ्याच भागापेक्षा दहा दिवस मागे. शिवाय त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमावर जानेवारी १६४८ आहे, आपण १६४९ म्हणतो. ती छपाईची चूक नव्हे. हाच दहा दिवसांचा फरक शिवचरित्रातही भेटतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. नव्या पंचांगानं ती १६ जून येते.

तिसरा घोळ राज्यवर्षांचा. दुसऱ्या चार्ल्सची वर्षं १६६० पासून नाही, बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून मोजतात, जणू मधली अकरा वर्षं झालीच नाहीत. १६६० चे कायदे म्हणून ‘बाराव्या वर्षाचे’ ठरतात. मुंबईची सनद (प्रश्न १२) विसाव्या वर्षातली, जेव्हा प्रत्यक्ष गादीवर बसून त्याला आठही वर्षं झाली नव्हती. आणि ती २७ मार्चची असल्यामुळे १६६८ ची आहे. तीच आठवडाभर आधी निघाली असती, तर तिच्यावर १६६७ पडलं असतं.